पावसातली कायोटीची शिकार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टेक्सस, ओक्लाहोमा, कॅन्सस या भागांत राहणाऱ्या आपल्यातल्या काही जणांना शिकारीची गोडी लागली आहे. शनिवारचा बेत ठरलेला असतो, रँचवाल्याची परवानगी घेतलेली असते आणि शुक्रवारी रात्री फोनवर पावसाचा ढग दिसतो. मग प्रश्न सुरू होतात. खालची उत्तरं मुख्यतः टेक्ससच्या एडवर्ड्स पठारावरच्या शिकारीला धरून लिहिली आहेत. सॅन अँजेलो, सोनोरा, जंक्शन अशा गावांभोवतीचा हा मेंढ्या-शेळ्यांचा मुलूख. दुसऱ्या राज्यात नियम आणि जमीन दोन्ही बदलतात, तेव्हा तिथली चौकशी वेगळी करावी.

कायोटी म्हणजे नेमका कोणता प्राणी?

उत्तर अमेरिकेतला रानकुत्र्यांच्या कुळातला प्राणी. आपल्याकडच्या कोल्ह्याहून मोठा, लांडग्याहून लहान. टेक्ससमधला पूर्ण वाढलेला कायोटी साधारण २५ ते ४० पौंडांचा असतो. मुळात हा पश्चिमेच्या माळरानांतला आणि वाळवंटातला. लांडगे संपवले गेले, जंगलं तुटली आणि याने हातपाय पसरले. आज हवाई सोडून अमेरिकेच्या सगळ्या राज्यांत तो आहे, शिकागोसारख्या शहराच्या मध्यवस्तीतसुद्धा.

पावसात कायोटी बाहेर पडतो का?

भुरभुर किंवा रिमझिम असेल तर पडतो. उलट आभाळ भरलेलं असलं की दिवसभर उजेड मंद राहतो आणि एरवी सकाळी नऊलाच झुडपात शिरणारा कायोटी दुपारीही फिरताना दिसतो. मुसळधार पावसात मात्र तो सीडर या इथल्या सदाहरित झाडांच्या दाटीखाली, खडकाच्या कपारीत किंवा ओढ्याच्या काठच्या झाडोऱ्यात अंग चोरून बसतो. तेव्हा कितीही कॉल (जनावराच्या आवाजाची नक्कल करून कायोटीला जवळ बोलावणारी शिट्टी किंवा यंत्र) वाजवा, तो अंग हलवत नाही. पावसाच्या आवाजात त्याला तुमचा कॉल धड ऐकूही येत नसतो.

मग जायचं कधी?

या पानावरचं एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा. पावसातल्या शिकारीचा खरा वेळ पावसाच्या दोन्ही कडांना असतो: पाऊस येण्याआधीचे काही तास आणि उघडीप झाल्यावरचे पहिले दोन-तीन तास.

येण्याआधीचा वेळ चांगला, कारण हवेचा दाब उतरू लागला की जनावरं खाण्याच्या मागे लागतात असा इथल्या बहुतेक शिकाऱ्यांचा अनुभव आहे, माझाही. पण अडचण अशी की त्या वेळी वारा बेभरवशाचा असतो. हिवाळ्यात उत्तरेकडून थंड हवेची लाट येते, तिला टेक्ससमध्ये नॉर्दर म्हणतात. ती येईपर्यंत दक्षिणेचा दमट वारा वाहत असतो आणि ती पोचली की काही मिनिटांत वारा उलटा फिरतो, पारा धडाधड उतरतो. तुम्ही दक्षिणेचा वारा धरून बसलेले असता आणि एकदम तुमचा वास कायोटी येणार त्याच बाजूला जाऊ लागतो. म्हणून लाट येण्याच्या वेळेच्या आत बैठक (एका जागी दबा धरून कॉल वाजवत बसणं) आटोपती घ्यावी किंवा सरळ नंतरच जावं.

उघडीप झाल्यानंतरचा वेळ मला सगळ्यांत प्रिय आहे. रात्रभर झड लागलेली असते, कायोटी उपाशी बसलेला असतो. बिळांत पाणी शिरल्यामुळे उंदीर-घुशी वर आलेल्या असतात. कायोटी कुरणात येऊन कान पुढे काढून गवतात उड्या मारताना दिसतो. जमीन भिजलेली असल्यामुळे पाचोळा वाजत नाही आणि एरवी बुटाखाली करकरणारी चुनखडीची खडी दबून बसते. तुम्हाला बैठकीच्या जागेपर्यंत जनावराला चाहूल न लागता जाता येतं. शिवाय चिखलावर जुने ठसे धुऊन गेलेले असल्यामुळे जो ठसा दिसेल तो ताजाच. कुंपणाच्या कडेने किंवा पाणवठ्याच्या वाटेवर ताजा ठसा दिसला तर कुठे बसायचं हे आपोआप ठरतं.

पावसामुळे माणसाचा वास दबतो हे खरं आहे का?

या भरवशावर राहू नका. जोराची सर वास खाली दाबते आणि धुऊन नेते, हे खरं. पण दमट हवेत आणि ओल्या जमिनीवर वास चांगला टिकतो आणि कायोटीचं नाक अशा वेळी उत्तम चालतं. तो कॉलच्या आवाजाकडे सरळ येत नाही, वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या बाजूने येतो आणि वास घेऊन खात्री करतो. म्हणून वारा आडवा घ्यावा, म्हणजे तो वळसा घालताना तुमच्या वासात शिरण्याआधी मोकळ्या जागेत येईल. कोरड्या दिवसाला हा नियम जितका लागू, तितकाच ओल्या दिवसाला.

कॉल कोणता आणि किती वेळ?

रिमझिम चालू असेल तर आवाज दूर पोचत नाही. एरवी दोन बैठकींत पाऊण ते एक मैल अंतर ठेवत असाल तर पावसात ते निम्म्यावर आणा. आवाज एरवीपेक्षा मोठा ठेवा. प्रत्येक जागी पंधरा-वीस मिनिटं पुरे. सशाच्या किंकाळीचा आवाज बारा महिने चालतो, पण उघडीप झाल्यावर उंदराचं बारीक चिरचिरणं लावून पाहा. जवळपास असलेला कायोटी त्याला चटकन येतो. जानेवारी ते मार्च हा जोड्या जमण्याचा काळ, तेव्हा कायोटीची लांब आरोळी म्हणजे हाऊल जास्त काम करतो.

इलेक्ट्रॉनिक कॉलर, म्हणजे रेकॉर्ड केलेले आवाज वाजवणारं यंत्र, वापरत असाल तर आधी त्याच्या माहितीपत्रकात पाण्याबद्दल काय लिहिलंय ते बघा. बरीच यंत्रं थोडी सर सोसतात, पण स्पीकरचं तोंड आकाशाकडे करून ठेवलेलं कोणतंच सोसत नाही. खाली तोंड करून सीडरच्या फांदीखाली ठेवा. काही राज्यांत इलेक्ट्रॉनिक कॉलवर बंधनं आहेत. टेक्ससमध्ये कायोटीसाठी तो चालतो.

तोंडाने वाजवायचा कॉल भिजून बंद पडतो. उपाय?

दोन कॉल गळ्यात ठेवा, एक शर्टाच्या आत. बंद रीडच्या, म्हणजे आवाज काढणारी पट्टी आत झाकलेल्या, कॉलमध्ये थुंकी आणि पाणी साचलं की पट्टी चिकटते आणि आवाज मरतो. उघड्या रीडचा कॉल झटकला की मोकळा होतो, म्हणून पावसात तोच बरा. लाकडी कॉल फुगतो, प्लास्टिकचा किंवा अ‍ॅक्रिलिकचा घ्या.

बंदुकीच्या नळीत पाणी गेलं तर?

हा प्रश्न लोक सगळ्यांत शेवटी विचारतात, तो सगळ्यांत आधी विचारायला हवा. नळीत पाणी असताना बार काढला तर दाब धोकादायक वाढू शकतो. नळी फुगते, फुटूही शकते. कायोटीसाठी लोकांच्या हातात बहुधा .२२३ किंवा .२२-२५० या मापाची रायफल असते. या बारीक नळ्यांत शिरलेलं पाणी आपोआप ओघळत नाही, केशाकर्षणाने आत अडकून राहतं. .२४३ ची नळी थोडी मोठी असली तरी तिच्याही बाबतीत गाफील राहू नये.

उपाय सोपा आहे. निघतानाच नळीच्या तोंडावर साधी इलेक्ट्रिकची टेप लावा, एकच थर, बाहेरच्या बाजूने. बार काढला की गोळीच्या पुढे ढकलल्या जाणाऱ्या हवेनेच टेप उडते, नेमावर फरक पडत नाही. पडलात, बंदूक चिखलात टेकली किंवा टेप फाटली असं काही झालं तर थांबा. काडतूस काढा, चेंबर (काडतूस बसण्याची जागा) रिकामी आहे याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करा, बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा) उघडा ठेवून नळी खाली करा म्हणजे मागून हवा शिरून पाणी निघून जाईल. मग कापडाची चिंधी नळीतून ओढा आणि आरपार उजेड दिसतो का ते पाहा. हे करताना कायोटी आला आणि गेला तर जाऊ द्या.

लाकडी दस्ता पाणी पिऊन फुगतो आणि नळीवर दाब देतो, त्याने नेम सरकतो. पावसात सिंथेटिक किंवा लॅमिनेटेड दस्त्याची बंदूक न्यावी.

स्कोपवर, म्हणजे बंदुकीवरच्या नेमाच्या दुर्बिणीवर, पाणी आणि वाफ येते. थर्मल स्कोप चालतो का?

साध्या स्कोपला झटकन उघडणारी झाकणं लावा आणि शेवटच्या क्षणापर्यंत बंद ठेवा. भिंगाजवळ श्वास सोडू नका. गरम आणि थंड हवेत आतबाहेर केलेला स्कोप वाफ धरतो, म्हणून बंदूक आधीपासूनच गाडीच्या थंड भागात असू द्या. पुसायला कोरडं मऊ कापड प्लास्टिकच्या पिशवीत वेगळं ठेवा, खिशातला रुमाल नको. गाडीच्या काचेला लावायचं पाणी पळवणारं रसायन भिंगाला कधीही लावू नका, वरचा लेप खराब होतो.

थर्मलकडून, म्हणजे अंगाच्या उष्णतेवरून जनावर दाखवणाऱ्या स्कोपकडून, पावसात फार अपेक्षा ठेवू नका. हवेतलं पाणी उष्णतेचे किरण शोषून घेतं आणि भिजलेली जमीन, दगड, झाडं सगळी एकाच तापमानाला येतात. चित्र करडं आणि सपाट दिसतं. धुक्यात तर अंतर फारच कमी होतं. जनावर दिसतं, पण ते कोण आहे हे सांगता येत नाही आणि अशा वेळी बार काढायचा नसतो.

पण ओळख चुकण्यासारखं काय आहे?

बरंच काही. भिजलेल्या जनावराचे केस अंगाला चिकटतात, रंग गडद दिसतो, शेपटीचा झुबका नाहीसा होतो. कायोटी कुत्र्यासारखा दिसतो आणि कुत्रा कायोटीसारखा. एडवर्ड्स पठारावर मेंढ्यांच्या राखणीला ग्रेट पिरेनीज आणि अनातोलियन जातीचे कुत्रे मोकळे सोडलेले असतात. सशाची किंकाळी ऐकली की तेही बघायला येतात. रँचवाल्याला आधी विचारा: कुत्रे किती, कोणत्या रंगाचे, कोणत्या कुरणात. राखणीचा कुत्रा मारला गेला तर त्याच्या कळपाचं नुकसान एका कायोटीपेक्षा कितीतरी जास्त होतं, तुमची परवानगी जाते ती वेगळीच.

लांडग्यांच्या मुलखात तर हा थेट गुन्ह्याचा प्रश्न होतो. अ‍ॅरिझोना आणि न्यू मेक्सिकोत मेक्सिकन लांडगे आहेत, कोलोरॅडोत डिसेंबर २०२३ पासून करडे लांडगे पुन्हा सोडले आहेत आणि नॉर्थ कॅरोलिनाच्या पूर्व भागात लाल लांडग्यांमुळे पाच काउंटींमध्ये कायोटीच्या शिकारीवर खास बंधनं आहेत. पाऊस, संध्याकाळ आणि लांडग्यांचा मुलूख असं तिन्ही जुळून आलं तर बंदूक गाडीतच ठेवा.

किती अंतरावरून बार काढावा?

कोरड्या दिवशी तुम्ही दोनशे यार्डांवर सहज मारत असाल तर पावसात शंभराच्या आत आणा. गोळी थेंबांनी वळते म्हणून हे सांगत नाही. तो परिणाम शिकारीच्या अंतरावर नगण्य असतो. कारण जखमी जनावर.

पावसात रक्ताचा माग बघता बघता धुऊन जातो. कोरड्या मातीवर जखमी कायोटीमागे अर्धा मैल जाता येतं. सरीत मात्र पन्नास यार्डांपुढे काही सापडत नाही आणि ते जनावर कुठेतरी सीडरखाली रात्रभर कुढत पडतं. हे मला सहन होत नाही आणि कोणालाच होऊ नये. म्हणून पावसात पळत्या जनावरावर बार नको, फांद्यांच्या आडून नको, ‘लागली तर लागली’ असा तर मुळीच नको. बार काढल्यावर जनावर जिथे होतं ती जागा एखाद्या झाडाच्या किंवा दगडाच्या खुणेने पक्की धरा आणि ताबडतोब तिथे जा. एरवी थोडा वेळ थांबायची पद्धत आहे, पावसात ती चालत नाही. सोबतीला कोणी असेल तर एकाने बसल्या जागेवरूनच हाताने दिशा दाखवायची आणि दुसऱ्याने चालायचं. केशरी रिबिनीचे तुकडे खिशात ठेवा, शेवटचा रक्ताचा थेंब दिसेल तिथे बांधत जा. माग हरवला तर त्या खुणेभोवती वाढती वर्तुळं घ्या, आणि उतार व दाट झाडोरा आधी बघा.

दाट झुडपात शॉटगन बरी. १२ गेज मापाच्या नळीत जाड छर्रे, अंतर चाळीस यार्डांच्या आत.

कपडे काय घालावेत?

सुती काही नको, जीन्स तर अजिबात नको. भिजलेला सुती कपडा अंगातली ऊब ओढून घेतो आणि चाळीस-पन्नास फॅरनहाइटच्या पावसात तासभर न हलता बसलेला माणूस गारठून हायपोथर्मियात जाऊ शकतो. आत लोकर किंवा सिंथेटिक, मध्ये पाणी अडवणारा थर, बाहेर फ्लीससारखं आवाज न करणारं कापड. स्वस्तातला प्लास्टिकचा रेनकोट हात हलवला की चुरचुरतो, कायोटीला तो ऐकू जातो. हूडने कान आणि बाजूची नजर दोन्ही झाकले जातात आणि कायोटी नेमका बाजूने येतो. रुंद काठाची टोपी घाला. बसायला फोमचा तुकडा न्या.

वीज आणि पुराचं काय?

वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला तर शिकार संपली. पक्क्या छताच्या गाडीत जा आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर ३० मिनिटं बाहेर येऊ नका. एकट्या झाडाखाली, तारेच्या कुंपणाजवळ, टेकडीच्या माथ्यावर थांबू नका. लोखंडी मचाणात तर नाहीच.

पुराबद्दल कळकळीने लिहितो. मध्य टेक्ससच्या या पट्ट्याला फ्लॅश फ्लड अ‍ॅली, म्हणजे अचानक येणाऱ्या पुरांची गल्ली, म्हणतात. चुनखडीवर मातीचा थर पातळ असतो, पाणी मुरत नाही, उतारावरून थेट ओढ्यात येतं. ४ जुलै २०२५ च्या पहाटे केर काउंटीत ग्वाडालूप नदीला आलेल्या पुराने शंभराहून अधिक माणसं नेली. तुमच्या डोक्यावर आभाळ मोकळं असेल आणि दहा मैल वर ढग फुटलेला असेल, तरी तुमच्यासमोरचा कोरडा ओढा भरून येतो. त्यामुळे ओढ्याच्या पात्रात बैठक लावू नका, कितीही छान आडोसा असला तरी. येताना ओलांडलेला प्रत्येक सखल रस्ता परत जाताना वाहता असू शकतो हे धरून चाला. सहा इंच वाहतं पाणी माणसाला पाडतं आणि फूटभर पाण्यात लहान गाडी तरंगू लागते. पाणी वाहत असेल तर गाडी मागे घ्या. पुराचा इशारा जारी असेल त्या दिवशी घरीच राहा.

पावसानंतर रँचच्या रस्त्यावर गाडी न्यावी का?

परवानगी असली तरी आधी फोन करा. काळी चिकणमाती भिजली की चाकं खोल रुततात आणि वाळल्यावर ती चाकोरी दगडासारखी होते. मग रँचवाल्याला ती ट्रॅक्टर लावून सारखी करावी लागते. गाडी फाटकाशी लावून पायी जाणारा शिकारी त्याच्या लक्षात राहतो. फाटक जसं होतं तसंच ठेवा: बंद होतं तर बंद, उघडं होतं तर उघडं.

मी एच-वन-बी वर आहे. मला बंदूक हातात घेता येते का?

हे नीट वाचा. नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला, म्हणजे एच-वन-बी, एच-फोर, एफ-वन, बी-टू या सगळ्यांना, अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला मनाई आहे. याला अपवाद आहेत आणि त्यांतला शिकाऱ्याच्या उपयोगाचा अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या राज्याने दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपतो. टेक्ससचा वार्षिक शिकार परवाना ३१ ऑगस्टला संपतो, तुम्ही तो कधीही काढलेला असो. मित्राची बंदूक ‘फक्त धरायला’ घेणं किंवा रेंजवर भाड्याने घेणं हेही बाळगण्यातच मोडू शकतं.

ग्रीन कार्डवाल्यांना ही मनाई लागू नाही, पण राज्यांचे स्वतःचे नियम आहेतच. यात चूक झाली तर खटला आणि देशाबाहेर काढलं जाणं, दोन्ही होऊ शकतं. शिकारीचा बेत करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा विचारा. त्याची फी कॉलरपेक्षा आणि स्कोपपेक्षा आधी खर्च करण्यासारखी आहे.

परवाना आणि हंगाम?

टेक्ससमध्ये कायोटीला बंद हंगाम नाही. शिकारीचा परवाना लागतो आणि २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचा कोर्स. न्यूयॉर्कमध्ये हंगाम ऑक्टोबरपासून मार्चअखेरीपर्यंतच असतो. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालत नाही. रात्रीची शिकार, दिवे आणि थर्मल यांचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत.

कायोटी मारून मेंढ्या खरंच वाचतात का?

कळपाला चटावलेला ठरावीक कायोटी मारला तर वाचतात. दिसेल तो कायोटी मारून मुलखातली संख्या कमी होते असं मात्र दिसत नाही. जागा रिकामी झाली की तरुण कायोटी बाहेरून येतात आणि खाणं मुबलक झालं की उरलेल्यांची पिल्लं जास्त जगतात. सरकारी वाइल्डलाइफ सर्व्हिसेस विभाग वर्षानुवर्षं हजारो कायोटी मारतो आहे आणि कायोटी आहेतच. म्हणून मी रँचवाल्याला आधी विचारतो: नुकसान कुठल्या कुरणात झालं, कोकरं कधी जन्मणार आहेत. बैठक तिथेच लावतो. राखणीचे कुत्रे, गाढव आणि व्याण्याच्या दिवसांत रात्री कळप गोठ्याजवळ आणणं, हे उपाय बंदुकीच्या बरोबरीने चालायला हवेत. एप्रिल-मेमध्ये पिल्लं बिळात असतात. तेव्हा कायद्याने मुभा असली तरी नुकसानीची तक्रार नसेल तर मी जात नाही.

भिजलेल्या कातड्याचं काय करायचं?

चिखल पाण्याने धुवा, जनावर टांगून केस पंख्याखाली वाळवा, मग सोला. ऊब असेल तर वेळ घालवू नका, केस सुटतात. हातमोजे घाला, डोळ्यांत आणि तोंडाशी हात नेऊ नका. खरजेने केस गेलेलं जनावर हाताळायचंच नाही. किमतीची आशा कमी ठेवा: कॅनडा गूस या थंडीचे कोट बनवणाऱ्या कंपनीने २०२१ मध्ये फर बंद करण्याची घोषणा केली, त्यानंतर कायोटीच्या कातड्याचा बाजार पूर्वीसारखा राहिलेला नाही.

भारतात गावी गेल्यावर कोल्ह्यावर हेच करता येईल का?

नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने कोल्हा आणि लांडगा दोघांनाही संरक्षण आहे आणि त्यांची शिकार हा गुन्हा आहे. सोलापूर-नगरच्या माळावर ते दिसले तर दुर्बीण काढा.

घरी आल्यावर बंदुकीची निगा?

त्याच रात्री, जेवणाच्या आधी. फोमच्या पेटीत ओली बंदूक बंद करून ठेवली तर सकाळपर्यंत गंज धरते. रिकामी आहे याची पुन्हा खात्री करा, बोल्ट बाहेर काढा, घरातल्या हवेत तासभर उघडी ठेवा म्हणजे धातूवर जमलेला दव सुकतो. नळीतून कोरड्या चिंध्या फिरवा, मग तेलाची एक. स्कोपच्या कड्यांखाली, ट्रिगरच्या आसपास आणि पट्ट्याच्या खिळ्यांशी पाणी दडतं, तिथे कापडाचं टोक घालून पुसा. चामडी पट्टा वेगळा काढून सावलीत वाळवा. काडतुसं पुसून कोरड्या डब्यात ठेवा. पुढच्या वेळी निघण्याआधी नळीतलं तेल कोरड्या चिंधीने काढायला विसरू नका आणि रेंजवर दोन-तीन बार काढून नेम तपासा.